जुन्या व्हिडिओ कॅसेटी डीव्हीडीवर घ्यायच्यात, सुरुवात कुठून करू?

गुंडाळी
नमस्कार मंडळी. माळा आवरताना एक पत्र्याची ट्रंक सापडली, आत ४३ कॅसेटी. त्यातल्या ३१ मोठ्या व्हीएचएस, ७ छोट्या ज्यांच्यावर हाय८ लिहिलंय, आणि ५ त्याहूनही छोट्या, काडेपेटीपेक्षा जराशा मोठ्या, त्यांच्यावर मिनीडीव्ही. बाबांना शूटिंगचा भारी नाद होता, घरात काहीही असलं की ते कॅमेऱ्याच्या मागे, त्यामुळे स्वतः कुठेच दिसत नाहीत. ते गेल्यावर ही ट्रंक कुणी उघडलीच नव्हती. व्हीसीआर घरात आहे पण पंधरा वर्षं तरी त्याला कुणी हात लावलेला नाही, आणि हँडीकॅम केव्हाच कुणालातरी देऊन टाकला.

मला एवढंच हवंय की सगळं डीव्हीडीवर यावं, वर नीट नावं असावीत, आणि भावाला नि मावशीला एकेक सेट देता यावा. बराच भाग फालतू असणार, कॅमेरा चालू राहून नुसती जमीन दिसतेय वगैरे, तो काढून टाकून प्रत्येक प्रसंगाची दहा-पंधरा मिनिटं ठेवायची असा विचार आहे. कॉम्प्युटर बऱ्यापैकी जमतो पण व्हिडिओतलं काही कळत नाही. घरी करू की बाहेर देऊ? कुणी केलंय का आधी?

आळशी_बोका
वाचतोय. आमच्याकडेही असाच एक डबा आहे, दरवर्षी साफसफाईला खाली येतो आणि परत वर जातो.

खटपट्या
अहो सोप्पंय. यूएसबीचा कॅप्चर डोंगल मिळतो, व्हीसीआरच्या मागून पिवळी-पांढरी-लाल वायर काढायची, डोंगलमध्ये खुपसायची, प्ले दाबायचं आणि लॅपटॉपवर रेकॉर्ड. मी २० कॅसेटी एका सुट्टीत संपवल्या, मग डीव्हीडी राइट केल्या, विषय संपला. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका.

टेपवेडा
थांबा थांबा, कॅसेट लगेच आत घालू नका!! गुंडाळीताई, आधी प्रत्येक कॅसेट हातात घेऊन खिडकीतून आतलं रीळ उजेडात बघा. गुंडाळलेल्या टेपच्या कडेवर पांढरी पूड, ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. तशी कॅसेट चुकूनही लावायची नाही, कारण बुरशी हेडवर, म्हणजे मशीनमधल्या टेप वाचणाऱ्या भागावर बसते, तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते, शिवाय टेपही फाटू शकते. ती वेगळी पिशवीत बंद करून ठेवा, नाकाशी नेऊन वास बिस घेऊ नका, फुफ्फुसांना वाईट.

दुसरं म्हणजे कॅसेटच्या मागच्या कडेला एक छोटी प्लॅस्टिकची टॅब असते. ती शाबूत असेल तर त्या कॅसेटवर अजूनही रेकॉर्डिंग होऊ शकतं, म्हणजे एक चुकीचं बटण दाबलं की बाबांचं शूटिंग गेलं. तोडून टाका. हाय८ नि मिनीडीव्हीला तोडायची नसते, सरकवायची खिटी असते, ती सरकवा.

आणि पंधरा वर्षं पडून असलेल्या व्हीसीआरमध्ये पहिली कॅसेट घरची घालायची नाही. कुठली तरी भंगार, गेली तरी चालेल अशी घाला. मशीन टेप खातं की नाही ते तिच्यावर कळू दे.

दुरुस्तीवाला_काका
टेपवेडा यांच्याशी १०० टक्के सहमत. व्हीसीआर दुरुस्तीत माझी उमेदीची वर्षं गेली म्हणून सांगतो, पडून राहिलेल्या मशीनमध्ये दोन गोष्टी हमखास होतात, आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं आणि रबराचं जे काही आहे, पट्टा, पिंच रोलर, ते कडक तरी होतं नाहीतर चिकट तरी. मग होतं काय की कॅसेट आत जाते, टेप बाहेर ओढून हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमभोवती गुंडाळली जाते, पण परत गोळा करणारं रीळ फिरत नाही. टेप पोटात साठत जाते आणि तुम्ही इजेक्ट दाबलं की अर्धा मीटर बाहेर लोंबतेय!

हेड साफ करायचं असेल तर कानातली कापसाची काडी वापरू नका, तंतू अडकतात. शॅमॉयचा (मऊ कातड्याचा) तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायचा, ड्रमला हलका टेकवून तुकडा स्थिर ठेवायचा आणि ड्रम वरून बोटाने फिरवायचा. वर-खाली घासलं की संपलं, हेडचं टोक इतकं नाजूक असतं की लगेच तुटतं. पाल मशीनमध्ये (पाल म्हणजे आपल्याकडची टीव्ही सिग्नलची पद्धत) तो ड्रम मिनिटाला १५०० फेरे फिरतो, त्यावर धुळीचा कण सुद्धा चित्रात दिसतो. आणि हो, आधी प्लग काढा, दरवेळी सांगावं लागतं.

जमत नसेल तर माहितगाराकडून करून घ्या पण मशीन फेकू नका. व्हीएचएस १९७६ ला जेव्हीसीने आणली आणि शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. म्हणजे आज जे व्हीसीआर आहेत तेवढेच, नवीन येणार नाहीत, आणि हेड झिजायचे थांबत नाहीत.

गुंडाळी
बापरे, बरं झालं विचारलं. आत्ताच सगळ्या खिडकीतून बघितल्या, एका व्हीएचएसवर पांढरं आहे, कडेने गोल गोल. बाकीच्या साफ वाटतात. ती पिशवीत घालून बाल्कनीत ठेवलीय, चालेल ना?

टेपवेडा
बाल्कनीत ऊन-दमट दोन्ही लागणार, आत आणा. कोरड्या जागी, पुस्तकासारखी उभी. आडव्या ठेवल्या की रिळाच्या कडा दबतात.

कुंपणावरची
मी बाहेर दिल्या होत्या, माझी कहाणी ऐका म्हणजे निर्णय सोपा होईल. आईबाबांच्या लग्नाची कॅसेट आणि आमच्या लहानपणीच्या सहा. एका स्टुडिओत दिल्या, नाव घेत नाही. पंधरा दिवसांनी चकचकीत कव्हरातल्या डीव्हीडी मिळाल्या. घरी लावून बघते तर सगळी माणसं जाडी झालेली! चौकोनी चित्र ओढून रुंद टीव्हीच्या मापाचं केलं होतं. बरं ते एक वेळ चाललं असतं, पण मूळ आवाज पूर्ण काढून त्यावर बासरीचं संगीत टाकलं होतं, म्हणे जुना आवाज खरखरत होता म्हणून "सर्व्हिस" दिली. लग्नात आजी काहीतरी मोठ्याने बोलतेय, सगळे हसतायत, आणि ऐकू काय येतंय तर बासरी. परत जाऊन मूळ फाइल मागितली तर म्हणाले डीव्हीडी झाली की आम्ही डिलीट करतो. आणि कॅसेटी मी स्वतःच्या हाताने रद्दीत घातल्या होत्या, आता काय गरज म्हणून.

त्यामुळे द्यायच्या असतील तर आधी तोंडावर सांगा आणि लिहून घ्या, की काहीही कापायचं नाही, संगीत नाही, चित्र ४:३ तसंच ठेवायचं, डीव्हीडीबरोबर फाइल पण द्यायची, आणि कॅसेटी परत पाहिजेत. आणि परत आल्यावर टाकू नका. कधीच टाकू नका.

आळशी_बोका
बासरी वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं.

पिवळी_पिन
कुंपणावरची, तुमच्यासारखे किस्से फार आहेत. आता मुद्द्याचं बोलतो, जरा लांब होईल.

गुंडाळी, "डीव्हीडीवर घ्यायचंय" हे वाक्यच आधी बदला. डीव्हीडी ही वाटायची वस्तू आहे, जपायची नाही. एका थराच्या डिस्कमध्ये ४.७ जीबी मावतं. तासाभराचं रेकॉर्डिंग टाकलं तर सेकंदाला १० मेगाबिटच्या आसपास मिळतात, म्हणजे डीव्हीडीची कमाल मर्यादाच. दोन तास टाकले तर साधारण ५. तीन तासांची अख्खी ई-१८० कॅसेट एका डिस्कवर कोंबली तर साडेतीनच्याही खाली. आणि व्हीएचएसचं चित्र दाबायला अवघड असतं, कारण त्यात मुंग्या असतात. आपल्याला वाटतं जुनं अंधुक चित्र, त्याला कशाला जास्त जागा, पण एमपेग-२ ला (डीव्हीडीवर व्हिडिओ दाबून बसवायची पद्धत) प्रत्येक मुंगी म्हणजे नवी माहिती, ते सगळे बिट मुंग्यांवर उधळतं आणि चेहऱ्यांचे चौकोन होतात. एकदा चौकोन झाले की परत चेहरा होत नाही.

शिवाय घरी राइट केलेली डिस्क म्हणजे रंगाच्या थरावर लेझरने उमटवलेली खूण, उन्हात आणि उष्णतेत तो रंग खराब होतो. विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या डीव्हीडीसारखी ती साच्यात दाबून काढलेली नसते. आणि हल्लीच्या लॅपटॉपला डिस्कचा खणच नसतो, भाऊ ती डिस्क कशात लावणार?

म्हणून आधी कॅसेटवरून शक्य तितकी चांगली फाइल काढा, ती मूळ प्रत. तिच्यापासून मग डीव्हीडी, पेनड्राइव्ह, मोबाइलवर पाठवायची छोटी फाइल, काय पाहिजे ते.

खटपट्या
हे सगळं खरं असेल पण घरच्यांना बघताना काय फरक पडतो? व्हीएचएस मुळातच २४० लाइनचं चित्र, त्याला तुम्ही सोन्याच्या डबीत ठेवलं तरी ते २४० लाइनचंच. माणसं ओळखू आली की झालं.

पिवळी_पिन
मुळात कमी आहे म्हणूनच त्यातलं आणखी घालवायचं नाही ना. असो. तुमचा डोंगलचा मार्ग चुकीचा नाही, मीही तसाच सुरू केला होता. फक्त एक करा, तुमच्या २० पैकी कुठलीही एक लांब फाइल काढा आणि शेवटची पाच मिनिटं बघा. ओठ आणि आवाज जुळतात का?

खटपट्या
बघतो.

सावलीत_बसलेला
मध्येच घुसतो. हे घरचंच दुखणं नाहीये, मोठमोठ्या संग्रहालयांचं पण तेच. युनेस्कोने २०१९ मध्ये आयएएसए या ध्वनी-चित्र संग्रहालयांच्या संघटनेबरोबर चुंबकीय टेपसाठी खास धोक्याची घंटा म्हणून प्रकल्पच काढला होता. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने तर आपल्या निवेदनाला "डेडलाइन २०२५" असंच नाव दिलं होतं. टेप त्या वर्षी विरघळणार होत्या असं नाही, मुद्दा असा की चालणारी मशीनं, सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसं एकदमच संपत चाललीयत. काका बोलले तेच.

दुरुस्तीवाला_काका
माणसं संपत चाललीयत म्हणून माझ्याकडे बघू नका, मी आहे अजून.

गुंडाळी
हाहा काका. माझा व्हीसीआर बघून मिळाला, पट्टा आणि रोलर बदलला, भंगार कॅसेट तीनदा लावली, एकदाही खाल्ली नाही. आता पिवळी_पिन तुम्ही सांगा पुढे नक्की काय करू, लहान मुलाला सांगितल्यासारखं सांगा.

पिवळी_पिन
बरं. कॅसेट खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि परत पूर्ण रिवाइंड करा, म्हणजे इतकी वर्षं एका जागी बसलेल्या टेपचा ताण सारखा होतो. मग प्ले करून ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या रेषांवर नीट बसवणं, हाताने जुळवा. प्रत्येक कॅसेटला वेगळं जुळवावं लागतं, कारण ती ज्या कॅमेऱ्यात भरली त्याची हेडं आणि तुमच्या व्हीसीआरची हेडं तंतोतंत सारखी नसतात. चित्राच्या अगदी तळाशी दोन-चार ओळी वाकड्या थरथरताना दिसतील, त्याची काळजी नको, तिथे एक हेड सोडून दुसरं लागतं. जुन्या टीव्हीत तो भाग चौकटीमागे लपायचा.

आता मुख्य भानगड. टेपवरचा सिग्नल वेळेला पक्का नसतो, टेप जरा ताणली-ढिलावली की प्रत्येक ओळ थोडी आधी किंवा थोडी उशिरा येते. जुना टीव्ही हे सांभाळून घ्यायचा, डोंगल घेत नाही, तो गोंधळतो आणि फ्रेम टाकून देतो. तिथेच आवाज पुढे-मागे होतो. यावर उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर, टीबीसी. स्वतंत्र टीबीसी मिळणं मुश्किल, पण जुगाड असा की काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर, पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० त्यात प्रसिद्ध आहे, नुसते मध्ये जोडले तरी सिग्नल सरळ करून पुढे देतात. त्यात डिस्क घालायची नाही, रेकॉर्ड करायचं नाही, व्हीसीआर → रेकॉर्डर → डोंगल. आणि रेकॉर्डरपासून डोंगलपर्यंत पिवळ्या पिनऐवजी एस-व्हिडिओची वायर लावा, रंग आणि उजेड वेगवेगळे जातात त्यामुळे कडांवर रंगांची वळवळ कमी होते. (हो, माझं नाव पिवळी_पिन आहे आणि मी पिवळी पिन काढायला सांगतोय.)

कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलडब हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. पाल टेप असेल तर ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, हफवाययूव्ही नावाचा कोडेक (व्हिडिओ फाइलमध्ये साठवायची पद्धत). यात काहीच गमावलं जात नाही पण तासाला ३५ जीबीच्या आसपास जागा खातो, दचकू नका, ही कामचलाऊ फाइल. खाली "ड्रॉप्ड फ्रेम्स" असा आकडा दिसतो, तो शून्य किंवा अगदी एक-दोन राहिला पाहिजे. लॅपटॉपवर त्या वेळी दुसरं काही करू नका, मेल पण नाही. आणि तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात, घाई करता येत नाही.

गुंडाळी
आणि हे ओबीएस म्हणून रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सगळे सांगतात ते?

पिवळी_पिन
ओबीएस चांगलंच आहे पण ते स्क्रीनसाठी बनलंय. त्यात हात न लावता रेकॉर्ड केलं तर इंटरलेस्ड चित्राची वाट लागते. टेपवर सेकंदाला २५ अख्खी चित्रं नसतात, ५० अर्धी असतात, एकदा विषम ओळी एकदा सम. म्हणून पळणारं मूल कॉम्प्युटरवर कंगव्यासारखं दातेरी दिसतं. काही जण एक अर्धं फेकून देतात, मग दातेरीपणा जातो पण हालचाल धक्के खात होते आणि बारकावे निम्मे. नीट करायचं तर क्यूटीजीएमसी नावाची पद्धत आहे, ती ५० अर्ध्यांची ५० पूर्ण चित्रं करते, हायब्रिड नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये येते. पण ते नंतर, सावकाश. कॅप्चर करताना जसं आहे तसं, दातेरीच, उतरवा.

खटपट्या
बघितल्या फाइली. पहिली ठीक. दुसऱ्यात शेवटाला आवाज जवळजवळ दोन सेकंद मागे. मुलगी फुगा फोडते आणि नंतर फट्. एवढी वर्षं कुणाला कळलं नाही कारण पहिल्या दहा मिनिटांपुढे कुणी बघितलंच नव्हतं.

कॅसेटी आहेत अजून. ईएस१० शोधतोय.

टेपवेडा
खटपट्या, तुम्ही टाकल्या नाहीत यातच सगळं आलं.

गुंडाळीताई, एक आवाजाचं राहिलं. व्हीएचएसवर आवाज दोन जागी असू शकतो, एक टेपच्या कडेने जाणारा साधा मोनो ट्रॅक, आणि दुसरा हाय-फाय, जो चित्राबरोबर फिरत्या हेडांनी लिहिलेला असतो. हाय-फाय मस्त असतो, पण हेडं जुळली नाहीत की तो घरघरतो, फटफट आवाज येतो, आणि लोकांना वाटतं कॅसेटच खराब. अशा वेळी व्हीसीआरच्या रिमोटवर ऑडिओचं बटण असतं, ते नॉर्मल किंवा मोनोवर टाका, कडेचा ट्रॅक बऱ्याचदा शाबूत असतो. आवाज साफ करायची सॉफ्टवेअर असतात ती मूळ फाइलवर चालवू नका, खरखर काढता काढता हळू बोललेलं पण काढून टाकतात.

कुंपणावरची
हे ऐका. बासरी आठवा.

गुंडाळी
आणि त्या हाय८ आणि मिनीडीव्हीचं काय? कॅमेरा नाही माझ्याकडे.

टेपवेडा
त्यात तुमचं नशीब चांगलं आहे. सोनीचे डिजिटल८ नावाचे कॅमेरे १९९९ पासून आले, त्यातली काही मॉडेलं जुन्या व्हिडिओ८ आणि हाय८ टेप पण वाजवतात आणि कॅमेऱ्याच्या आतच डिजिटल करून फायरवायरने (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची जुनी डिजिटल जोडणी) बाहेर देतात. सगळी नाही वाजवत, घेण्याआधी मॉडेल तपासा. ओळखीत कुणाच्या कपाटात असेल तर उसना घ्या.

मिनीडीव्ही तर मुळातच डिजिटल. त्याला पिवळी-पांढरी-लाल वायर लावून कॅप्चर करायचं म्हणजे छापील पानाचा मोबाइलवर फोटो काढून परत टाइप करण्यासारखं. फायरवायरने जोडा, टेपवरचे आकडे जसेच्या तसे फाइलमध्ये येतात, तासाला १३ जीबी. आणि गंमत म्हणजे प्रत्येक फ्रेमबरोबर शूटिंगची तारीख-वेळ पण लपलेली असते, कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तर. अडचण एवढीच की नव्या लॅपटॉपला फायरवायरचं तोंड नसतं, जुना डेस्कटॉप आणि त्यात एक कार्ड, हे सोपं पडतं. यूएसबी-ते-फायरवायर म्हणून ज्या नुसत्या पिना मिळतात त्या चालत नाहीत, दोन्हीची भाषाच वेगळी.

आळशी_बोका
एक बाळबोध प्रश्न. हे एआयने चकाचक करतात ते? जुना व्हिडिओ एकदम फोर-के होतो म्हणे.

पिवळी_पिन
करा हौस म्हणून, पण प्रतीवर. ते सॉफ्टवेअर नसलेला चेहरा अंदाजाने काढतं. लांब उभ्या असलेल्या तुमच्या आत्याला डोळे-नाक सगळं येतं, फक्त ती आत्या राहत नाही.

गुंडाळी
खूप दिवसांनी येतेय, माफ करा. अहवाल देते.

३१ पैकी ३० व्हीएचएस झाल्या. ईएस१० नाही मिळाला, एकाने त्याचाच भाऊबंद ईएस१५ दिला, त्याने पण काम झालं. पहिल्या दोन कॅसेटींत ड्रॉप्ड फ्रेम शेकड्यांनी दिसल्या, वेडी व्हायची वेळ आली, मग कळलं की मी यूएसबीच्या हबमध्ये डोंगल लावला होता, थेट लॅपटॉपला लावल्यावर शून्य. एका कॅसेटला डोंगल सारखा म्हणायचा की कॉपीराइट संरक्षण आहे, घरच्या शूटिंगला कसलं आलंय संरक्षण!

पिवळी_पिन
ते मॅक्रोव्हिजन. सिनेमाच्या कॅसेटींवर मुद्दाम घातलेला गडबडीचा सिग्नल असायचा. तुमच्या टेपवरचा साधा गोंगाट डोंगलला तसाच वाटला. टीबीसी मध्ये आल्यावर गेलं असेल?

गुंडाळी
हो, गेलं.

हाय८ साठी मावसभावाच्या कपाटात डिजिटल८ निघाला, चार्जर नव्हता पण तो दुसरीकडून जमला. मिनीडीव्ही पाचही झाल्या, तारखा सुद्धा आल्या, फक्त एका टेपवर सगळं १ जानेवारीला घडलंय, घड्याळ लावलेलं नव्हतं.

कामचलाऊ फाइली एका मोठ्या हार्ड डिस्कवर, त्यावरून बनवलेल्या छोट्या तासाला तीन-चार जीबीच्या दोन वेगवेगळ्या डिस्कवर, एक माझ्याकडे, एक भावाकडे दुसऱ्या गावी. मावशीला मात्र डीव्हीडीच दिल्या कारण तिच्याकडे प्लेअर आहे आणि तिला रिमोटवरचं एकच बटण माहितीये. प्रत्येकी दोनच तास टाकले आणि फायनलाइज करायला, म्हणजे दुसऱ्या प्लेअरवर चालेल अशी डिस्क शेवटी बंद करायला, विसरले नाही (एक विसरले, ती तिच्या प्लेअरवर चाललीच नाही).

आता ते कापायचं. मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं ना की फालतू भाग काढून टाकणार. एका वाढदिवसाच्या कॅसेटमध्ये बाबा कॅमेरा बंद करायला विसरलेत. टेबलावर ठेवलाय बहुतेक, ११ मिनिटं फरशी आणि खुर्चीचा एक पाय. मी फॉरवर्डच करणार होते पण कॅप्चर चालू होतं म्हणून करता येईना. तर त्यात बाबा पसारा आवरतायत. आईला विचारतात पाहुणे नीट गेले ना, मग खुर्च्या मोजतात, एक कमी भरते म्हणून चिडतात, मग कॅमेऱ्यापाशी येऊन अगदी हळू स्वतःशीच गुणगुणतात, सूर सगळा भलतीकडे. बाकी कॅसेटींत त्यांचा आवाज आहे पण तो "इकडे बघ", "हल जरा", "हस" एवढाच. नुसतं त्यांचं असं बोलणं फक्त त्या फरशीत आहे. भाऊ तेवढीच फाइल मोबाइलवर घेऊन फिरतोय.

आणि टेपवेडा, त्या कॅसेटला हाय-फाय नुसता फटफटत होता. मोनोवर टाकल्यावर ऐकू आलं.

टेपवेडा
काय बोलू. बरं वाटलं.

कुंपणावरची
खुर्ची सापडली का?

गुंडाळी
नाही ना! टेपच्या शेवटापर्यंत ३९ च.

खटपट्या
मी २० परत करतोय. सहावी चालू आहे. बायको म्हणते एका सुट्टीत संपवलेलं काम आता किती सुट्ट्या चालणार.

दुरुस्तीवाला_काका
आणि ती बुरशीची? ३१ वी?

गुंडाळी
ती टेपवेडांनी सांगितलं तशी घरी नाही लावली. अशी साफ करून देणाऱ्यांकडे पाठवलीय, ते कॅसेट उघडून टेप वेगळ्या मशीनवर पुसून घेतात आणि मग नव्या कवचात घालतात. अजून आलेली नाही. तिच्यावर काय आहे कुणालाच माहीत नाही, आईला पण नाही. लेबलवर तारीख नाही, प्रसंग नाही, बाबांच्या अक्षरात फक्त "पुसू नये" लिहिलंय.

दुरुस्तीवाला_काका
टॅब?

गुंडाळी
तोडलेली होती. सगळ्यांमध्ये तेवढीच एक.